मंदी दुकानाला, दुखणे दुकानदाराला

आषाढी एकादशी झाली की कापडबाजारालाही चातुर्मास लागतो. लग्ने उरकलेली असतात, शाळेचे गणवेश विकून झालेले असतात आणि शेतकऱ्याच्या हातातला पैसा बी-बियाण्यात, खतात गेलेला असतो. पोळा-गणपती जवळ येईपर्यंत दुपारपर्यंत भवानी नाही, अशी स्थिती अनेक दुकानांत असते. याच दिवसांत दवाखान्यातली बाकडी मात्र व्यापारी मंडळींनी भरू लागतात. कोणाच्या छातीत जळजळते, कोणाला झोप नाही, कोणाची मान धरली आहे, तर कोणाला उठताना चक्कर येते. तपासून होते, औषध लिहून होते आणि दाराशी गेल्यावर खरी तक्रार तोंडातून निघते, "डॉक्टर, हल्ली दुकान उघडावेसेच वाटत नाही हो."

हे वाक्य मी पंचवीसएक वर्षे ऐकत आलो आहे. गेल्या काही वर्षांत ते जास्त ऐकू येते, याला कारणेही आहेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली, जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, २०२० आणि २०२१ या लागोपाठ दोन वर्षांची लग्नसराई कोरोनाने खाल्ली. त्यातून उभे राहावे तोवर गिऱ्हाईक मोबाईलवर कपडे मागवायला शिकले होते. धंदा कसा वाढवावा हे सांगण्याचा अधिकार मला नाही. ते व्यापाऱ्यांनाच माझ्यापेक्षा अधिक कळते. परंतु मंदीच्या दिवसांत माणूस उभा कसा राहील, हा प्रश्न निश्चितच वैद्यकाचा आहे. माझे स्पष्ट मत असे की, उमेद ही नुसत्या मनाची गोष्ट नाही. ती शरीराची, दिनक्रमाची आणि घरातल्या बोलण्याचालण्याचीही गोष्ट आहे.

उमेद आधी की काम आधी?

"हिंमत ठेवा, सकारात्मक विचार करा" हा उपदेश आता जागोजागी फुकट मिळतो. पहाटे मोबाईल उघडला की कोणीतरी कोट्यधीश होण्याचा मंत्र सांगत असतो. ते ऐकून दहा मिनिटे बरे वाटते. अकरा वाजता रिकाम्या दुकानात बसल्यावर तेच आठवून अधिक वाईट वाटते. दोष आपल्यातच आहे, असे वाटू लागते.

बहुतेकांची समजूत अशी असते की आधी उमेद येईल, मग काम होईल. मनाचे शास्त्र बरेचसे याच्या उलट सांगते. कामाचे फळ दिसेनासे झाले की मन अंग काढून घेते. अंग काढले की हातून होणारी लहानसहान कामे कमी होतात. ती कमी झाली की त्यांतून मिळणारे लहानसहान समाधानही जाते आणि मन आणखी खचते. हे चक्र दुकानात सहज दिसते. नऊला वर जाणारे शटर दहाला, मग साडेदहाला वर जाऊ लागते. बाहेरच्या पुतळ्यावर महिनाभर तोच ड्रेस राहतो. उलगडून दाखवलेल्या साड्यांची घडी संध्याकाळपर्यंत होत नाही. आलेले एखादे गिऱ्हाईकही हा मरगळलेला कारभार पाहून पुढच्या दुकानात जाते. मग मालक म्हणतो, "बघा, मी म्हणत नव्हतो का!"

हे चक्र विचाराने तोडणे अवघड. कृतीने तोडणे त्यामानाने सोपे. नैराश्यावरच्या उपचारांतही मनोविकारतज्ज्ञ हीच रीत वापरतात. बरे वाटेपर्यंत थांबायचे नाही, ठरलेले छोटे काम ठरल्या वेळी करायचे. बरे वाटणे मागाहून येते. दुकानदाराने स्वतःसाठी चार कामे नेमून घ्यावीत. शटर ठरल्या वेळी उघडणे. रोज एक खण रिकामा करून, पुसून, माल पुन्हा लावणे. पुतळ्यावरचा कपडा दोन दिवसांनी बदलणे. रोज तीन जुन्या गिऱ्हाइकांना फोन करणे किंवा उधारीच्या वहीचे एक पान मार्गी लावणे. गिऱ्हाईक येणे आपल्या हाती नाही, ही चार कामे आपल्या हाती आहेत. रात्री दुकान बंद करताना गल्ल्याच्या आधी ही चार कामे मोजावीत. चारही झाली असतील तर त्या दिवशी दुकानदाराने आपले काम चोख केले, मग विक्री शंभर रुपयांची असो की पाच हजारांची.

एका दिवसाचा गल्ला

रक्तदाब एकदा वाढलेला दिसला म्हणून आम्ही लगेच आयुष्यभराची गोळी सहसा लिहीत नाही. रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवतो, पुन्हा मोजतो, दुसऱ्या दिवशी बोलावतो. एकाच स्थितीतली दोन-चार मोजमापे पाहूनच निदान करतो. दुकानदार मात्र एका दिवसाच्या गल्ल्यावरून स्वतःच्या आयुष्याचे निदान करून मोकळा होतो!

कापडाचा धंदा हा सणावारांचा आणि सुगीचा धंदा आहे. पितृपक्षातल्या मंगळवारची तुलना धनत्रयोदशीशी करून काय उपयोग? गेल्या वर्षीच्या त्याच दिवसांशी करावी, आणि तीही तिथीने. अधिक महिना आला की सारा हिशेब सरकतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, त्यामुळे पुढचे सण उशिरा आले. २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा, म्हणजे ऐन लग्नसराईच्या दिवसांत. त्या महिन्यात लग्नाचे बस्ते नाहीत, पण धोंड्याच्या महिन्याचा लेक-जावयाचा आहेर असतो. हे ज्याला ठाऊक आहे तो पडलेल्या विक्रीने घाबरत नाही, त्या मानाने माल भरतो.

याला दुसरीही बाजू आहे. तीन वर्षे त्याच-त्याच महिन्यांची विक्री उतरत असेल, तर तो एका दिवसाचा चढउतार नव्हे. तेथे खरोखरच निदान झाले असे समजावे, आणि निदान झालेल्या रोगावर नुसती आशा हे औषध नाही. त्याविषयी शेवटी लिहितो.

गादीवरचे शरीर

धंदा नसताना शरीराची सर्वांत जास्त हेळसांड होते, कारण रिकामा वेळ भरायला चहा आणि तंबाखू हजर असतात. चहाच्या एका कपात दोन चमचे साखर धरली तर आठ कपांत साधारण ऐंशी ग्रॅम साखर पोटात जाते. ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांच्या घराण्यात आहे, त्यांनी हा हिशेब करून पाहावा. त्यात दुपारचे जेवण तीनला, रात्रीचे दुकान बंद करून साडेदहाला आणि जेवल्याबरोबर अंथरूण. मग घशाशी आंबट येणार नाही तर काय होणार? जळजळीच्या गोळ्या खाण्याआधी डबा संध्याकाळी साडेसात-आठला दुकानातच मागवून पाहावा. आठवडाभरात फरक जाणवेल.

तंबाखूचे काय सांगावे! महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरीही पुड्या कोठे मिळतात हे सर्वांना ठाऊक आहे. गिऱ्हाईक नसले की पुडी फुटते. तंबाखूने ताण हलका होतो हा भ्रम आहे. निकोटिन नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढवते. पुडीने जी बेचैनी गेल्यासारखी वाटते, ती बहुधा आधीच्या पुडीचा अंमल उतरल्यामुळेच आलेली असते.

दिवसाचे दहा-अकरा तास गादीवर किंवा स्टुलावर बसणाऱ्याने आठवड्यातून किमान पाच दिवस अर्धा तास झपझप चालावे. सलग वेळ नसेल तर दहा-दहा मिनिटे तीनदा चालले तरी चालते. सकाळी दुकानाला चालत जा. भर दुपारी गिऱ्हाईक नसतेच, तेव्हा पेठेतून एक फेरी मारा. घड्या उभे राहून घाला. चालण्याने झोप सुधारते, रक्तदाब व साखर आटोक्यात राहण्यास मदत होते आणि मनाची मरगळ कमी होते. दिवाळीचा माल फुकटात भरून द्यावा असा हा सौदा आहे, पण फुकट आहे म्हणूनच कोणी घेत नाही.

काटकसर गोळ्यांवर नको

आता आजच्या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विक्री मंदावली की माणूस खर्चाला कात्री लावतो, आणि पुष्कळ घरांत ती कात्री प्रथम कर्त्या माणसाच्या औषधावर चालते. मुलांची फी थांबवता येत नाही, बँकेचा हप्ता थांबवता येत नाही, व्यापाऱ्याला माल परत घ्यायला लावता येत नाही. रक्तदाबाची गोळी मात्र गुपचूप थांबवता येते. ती थांबवल्याचे कोणालाच कळत नाही, स्वतःलाही नाही, कारण वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही.

माझ्या पाहण्यातले एक कापड दुकानदार, वय पन्नाशीच्या आसपास. मंदीच्या दिवसांत दोन महिने त्यांनी गोळ्या आणल्या नाहीत. त्रास काहीच नव्हता. एके सकाळी शटर उचलताना उजवा हात उठेना, शेजाऱ्याला हाक मारायला गेले तर शब्द बोबडे. अर्धांगवायूचा झटका होता. जीव वाचला, पण मीटरपट्टी आणि कात्री धरणारा हात पूर्वीसारखा झाला नाही. इस्पितळाचे जे बिल झाले, त्यात त्यांच्या कित्येक वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या.

तेव्हा रक्तदाबाची, साखरेची, हृदयाची किंवा फिटची गोळी परस्पर बंद करू नका. परवडत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगा. यात लाज कसली? त्याच औषधाची स्वस्त गोळी बहुधा मिळते; जनऔषधी केंद्रांत कितीतरी औषधे बाजारभावाच्या मानाने फार कमी किमतीत आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क केले आहेत. तेथे रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. आणि माझ्या डॉक्टर मित्रांनाही सांगणे आहे की, रुग्णाला "धंदा कसा आहे?" हे विचारून मग औषध लिहा. न परवडणारे उत्तम औषध हे खिशातच राहणारे औषध असते.

चेहऱ्याची एक बाजू ओघळणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही अचानक झाले तर घरगुती उपायांत वेळ दवडू नका. मेंदूतील रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच उपयोगी पडते, आणि त्यासाठी मोठ्या रुग्णालयात आधी स्कॅन करावे लागते.

घरात सांगा

मंदीपेक्षा ती लपवण्याचा ताण मोठा असतो. नवरा घरी सांगत नाही, बायकोला दिसते पण ती विचारत नाही, मग भांडण होते ते भाजीतल्या मिठावरून. दोघांनी एका रविवारी सकाळी वही समोर घेऊन बसावे. किती माल पडून आहे, किती देणे आहे, किती उधारी येणे आहे, महिन्याला घरखर्चाला किती लागतात, हे लिहून काढावे. ठरावीक पैशांत महिना काढण्याचा अनुभव घरातल्या बाईइतका कोणाला असतो? तिचा सल्ला घेतल्याने दुकानदाराची पत कमी होत नाही. गल्ल्यातून लागतील तसे पैसे उचलण्याऐवजी घरखर्चाची रक्कम ठरवून घ्यावी, म्हणजे तोटा दुकानाचा की घराचा हे तरी कळेल.

एक गोष्ट अवश्य टाळावी. घरी कळू नये म्हणून खासगी सावकाराकडून घेतलेले कर्ज झोप नेते ती परत देत नाही. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार परवान्यावाचून सावकारी करणे गुन्हा आहे. त्रास होत असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

घरातून साड्या, गाऊन, ड्रेस मटेरियल विकणाऱ्या किंवा ब्लाउज शिवणाऱ्या भगिनींची संख्या आता मोठी आहे. त्यांची मंदी तर मंदी म्हणूनही कोणी धरत नाही. "तुझा तेवढाच विरंगुळा" असे म्हणून घरचे मोकळे होतात. पण बचत गटाचे कर्ज त्यांच्या नावावर असते, हप्ता त्यांना भरायचा असतो आणि डोकेदुखी, कंबरदुखी, रात्रीची जागरणे त्यांच्याच वाट्याला येतात. त्यांच्या धंद्यालाही धंदा म्हणा आणि त्यांच्या काळजीलाही काळजी.

केव्हा डॉक्टर हवा?

धंद्याची काळजी वाटणे हा आजार नव्हे. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, पहाटे फार लवकर जाग येणे, भूक मरणे, थकवा, साध्या हिशेबात लक्ष न लागणे, आपण सर्वांना भार झालो असे वाटणे, अशी लक्षणे एकत्र दिसत असतील, तर ते नैराश्य असू शकते. तो आळस नाही, भित्रेपणा नाही. त्यावर समुपदेशन आहे, औषधे आहेत. औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत ती सोडू नयेत. दारू हा त्यावरचा उपाय नव्हे. ती झोपेचा आणि मनाचा दोहोंचा नाश करते.

"मी नसतो तर बरे झाले असते", "माझ्या मागे विम्याचे किती मिळतील?" अशी भाषा घरातल्या कोणाच्या तोंडी आली, तर ती थट्टेवारी नेऊ नका. शांतपणे, स्पष्ट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे; उलट मनावरचे ओझे बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनाशुल्क बोलता येते, मराठीतही.

दुकान बुडाले तरी

आता त्या तीन वर्षे उतरत्या विक्रीच्या दुकानाविषयी. प्रत्येक दुकान चालत राहीलच, असे खोटे आश्वासन मी देणार नाही. किती महिने थांबायचे, किती रकमेपलीकडे नवे कर्ज काढायचे नाही, हे घरच्यांच्या सल्ल्याने आधीच ठरवावे. कागदावर लिहून ठेवावे. ती मर्यादा आली तर दुकान लहान करावे, रेडीमेडऐवजी गणवेश किंवा शिलाई-दुरुस्तीकडे वळावे, नाहीतर बंद करावे. असले निर्णय मात्र रात्री अंथरुणात पडून किंवा रिकाम्या पोटी घेऊ नयेत. रात्री दोन वाजता जे संकट डोंगराएवढे दिसते, ते सकाळी न्याहारीनंतर पुष्कळदा टेकडीएवढे होते.

देहूचे तुकाराम महाराज हेही मूळचे दुकानदारच. सन १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बसला, दिवाळे निघाले, घरातली माणसे गेली. त्यांच्या दुकानात काय विकले जाई, हे आज किती जणांना सांगता येईल? त्यांची योग्यता आपल्यात कोठून येणार. पण गल्ला बुडाला म्हणजे माणूस बुडत नाही, एवढे तरी आपण त्यांच्याकडून निश्चित घ्यावे.

जाता जाता, दुकानदार नसलेल्या वाचकांनाही एक औषध सांगतो. तुमच्या नावावर एखाद्या कापड दुकानात गेल्या लग्नातल्या बस्त्याची उधारी अजून असेल, तर सणाची वाट न पाहता ती या आठवड्यात नेऊन द्या. सगळी जमत नसेल तर निम्मी द्या. आणि देताना उभ्या उभ्या परत न फिरता दोन मिनिटे टेकून विचारा, "काय शेठ, तब्येत बरी आहे ना? गोळ्या चालू आहेत ना?" माझ्या कागदावरच्या टॉनिकपेक्षा त्याचा गुण लवकर येईल.